कोठीवरची मोकळी जागा

सुरतेत दर वर्षी वादळ येणार असतं आणि येत नाही. अरबी समुद्रात कुठेतरी ते उठतं, टीव्हीवर लाल भोवरा फिरायला लागतो, हजीऱ्याच्या बंदरावर धोक्याचा बावटा चढतो, शाळांना सुटी मिळते, आणि ऐनवेळी ते तोंड फिरवून सौराष्ट्राकडे नाहीतर कच्छकडे निघून जातं. आमच्याकडे पडतात चार झाडं आणि एखादं होर्डिंग. म्हणून ‘वावाझोडू येतंय’ असं कुणी सांगितलं की मी दोरीवरचे कपडे काढते आणि कामाला बसते. घाबरायचं काम मी इतरांवर सोडलेलं आहे.

स्वप्ना गावी चालली, हेही मी असंच ऐकत आले होते. स्वप्ना माझी जुनी शेजारीण. आधी कतारगामला, मग दिंडोलीत. तिचा नवरा योगराज पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, त्याचा खोकला वाढला की तो म्हणायचा, ‘बस झालं सुरत, आता पारोळ्याकडे जाऊ.’ दोन दिवस सामान बांधायची भाषा व्हायची. मग खोकला कमी व्हायचा, मिलमधून फोन यायचा, आणि योगराज पुन्हा डबा घेऊन निघायचा. मी स्वप्नाला म्हणायचे, ‘तुझा नवरा आणि वावाझोडू, दोघं एका आईचे.’ ती हसायची.

त्यामुळे दिवाळीच्या आधी, टीव्हीवर भोवरा फिरत असताना, ती पिशवी भरून पुस्तकं घेऊन माझ्या दारात आली, तेव्हा मला काहीच कळलं नाही.

दुपारची वेळ होती. मी आणि काशीबाई खाली बसून साड्यांवर खडे चिकटवत होतो. हे आमचं रोजचं काम. शेठचा टेम्पो साड्यांची गठडी टाकून जातो, आम्ही पदरावर आणि काठावर खडे लावतो, टेम्पो परत घेऊन जातो. हात बिझी, तोंड मोकळं. निम्म्या दिंडोलीच्या बायका असंच काम करतात आणि निम्म्या दिंडोलीच्या बातम्या त्यातूनच फिरतात. काशीबाई आमच्यात वडील. भुसावळच्या, नवरा रेल्वेतून रिटायर झालेला, मुलगा लोकेश हजीऱ्याला कंपनीत. वादळाची आतली बातमी आम्हाला त्याच्याकडूनच मिळते.

“लोकेश म्हणतो, या खेपेला बावटा मोठा लावलाय,” काशीबाई म्हणाल्या. “क्रेन बांधून ठेवल्या. मला म्हणे, आई, पाणी भरून ठेव.”

“ठेवलं का?”

“ठेवलं ना. दर खेपेला ठेवते. मग चार दिवस तेच पाणी वापरत बसते.”

“वादळाला सुरतचा पत्ताच सापडत नाही, मावशी,” मी म्हणाले. “पिनकोड चुकत असेल.”

एवढ्यात स्वप्ना आली आणि पिशवी माझ्यासमोर ठेवली. वरच्याच पुस्तकाचा लाल कापडी पुठ्ठा दिसला आणि मी खडा बोटावर घेऊन तशीच थांबले. ते पुस्तक माझ्या चांगलंच ओळखीचं. स्वप्नाच्या लग्नात तिच्या मामाने दिलेलं, जाडजूड, पाककृतींचं. त्याच्याखाली लोणच्या-मुरंब्यांचं, दिवाळीच्या फराळाचं, बिना अंड्याच्या केकचं, अशी सगळी तिची पुंजी.

या पुस्तकांचं तुम्हाला सांगायलाच हवं. मोठी रेल आली त्या वर्षी (तापीच्या पुराला इथे रेल म्हणतात) आम्ही कतारगामला शेजारी शेजारी भाड्याने राहत होतो. दोघींची लग्नं होऊन थोडीच वर्षं झालेली. पाणी जिन्यावर चढायला लागलं तेव्हा मी टीव्ही उचलला आणि स्वप्नाने पुस्तकं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डोक्यावर घेऊन ती गच्चीवर चढली. मी तेव्हा तिला वेडी म्हणाले होते. टीव्ही पाणी उतरल्यावर चालू झालाच नाही. पुस्तकं चालली. गच्चीवर अख्ख्या बिल्डिंगचं धान्य एकत्र करून, एका स्टोव्हवर, तिने सगळ्यांना खिचडी खाऊ घातली. त्या खिचडीसाठी पुस्तक लागलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तिच्या प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं असतं. ‘इथल्या हवेत पाणी कमी.’ ‘पावसाळ्यात करू नये, सादळतं.’ ‘इथलं दूध दाट, साखर निम्मी.’ पुस्तक लिहिणारी बाई पुण्याची असो की आणखी कुठली, स्वप्नाने तिला सुरतेत आणून बसवलं होतं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“तुम्हाला दोघींना. फराळाचं तुला, लोणच्याचं मावशींना. बाकीची पण तूच ठेव.”

“मला लोणच्याचं काय करायचं? दात कुठे राहिलेत,” काशीबाई म्हणाल्या. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली मान घालून एकाच जागी दोन दोन खडे लावत होत्या. आता माझ्या डोक्यात उजेड पडला.

“स्वप्ना,” मी म्हणाले, “तू पुस्तकं का वाटतेस?”

“आता सगळं मोबाइलवर मिळतं ना.”

“तुझ्या मोबाइलवर भजनाशिवाय काही चालत नाही. खरं सांग.”

ती बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, “या टाईमले खरंच जाई राह्यनूत वं.”

यावेळी खरंच जातोय. ती सांगत राहिली. योगराजला आता जिना चढताना दम लागतो. डॉक्टर म्हणाले, रंगाची वाफ बंद करा, नाहीतर औषधांचा उपयोग नाही. गावी सासरे एकटे, पडवीत घसरून पडल्यापासून काठी धरून चालतात. मुलगी तिकडेच, शिरपूरला दिलेली. सुरतेत राहायचं कुणासाठी? हे शेवटचं वाक्य ती बोलून गेली आणि लगेच तिने ओठ चावला. पण मला ते लागायचं तेवढं लागलं.

“मावशींना माहीत होतं?”

काशीबाईंनी खड्यांची वाटी उगाच जवळ ओढली. म्हणजे माहीत होतं.

“माले काबरं नही सांगं?” मी विचारलं. रागावले की माझी जीभ आपोआप गावची होते. “सगळ्या जगाला सांगितलंस, मला का नाही?”

“तुलेच सांगाले जीव व्हये ना,” ती म्हणाली. तुलाच सांगायला जीव होईना.

माझा स्वभाव मला ठाऊक आहे. दुखलं की मी रडत नाही, फणकारते. मी पुस्तकांची पिशवी तिच्याकडे सरकवली. म्हणाले, “मला वेळ नाही वाचायला. घेऊन जा. तिकडच्या चुलीवर केक कर.” ती उठली. पिशवी तिथेच सोडली आणि गेली. तिच्या चपला जिन्यावर वाजत होत्या तोवर मी खडे लावत राहिले. सगळे वाकडे लागले. काशीबाईंनी ते न बोलता काढले आणि पुन्हा लावले.

आता कोठीचं सांगते. माझ्या घरात लोखंडी कपाटाचा एक कप्पा आहे. त्यात लोकांना द्यायच्या भेटी असतात. त्या रेलच्या वर्षी माझ्या भाचीचं बारसं होतं. बाजार चिखलात बुडालेला, दुकानं बंद. मी रिकाम्या हाताने गेले. वहिनी एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जड गेलं. त्या दिवसापासून मी भेट आधीच घेऊन ठेवते. कुणाचं लग्न ठरण्याआधी ताट, कुणाला दिवस जाण्याआधी वाळे-वाटी. लोक हसतात. माझा नवरा चेतन म्हणतो, ‘हिच्या कपाटात अजून न जन्मलेल्यांची गर्दी आहे.’ मी ऐकून घेते. धनत्रयोदशीला दुकानं भांड्यांवर फुकट नावं घालून देतात. मग नाव तेव्हाच घालून घ्यायचं की नाही?

गेल्या धनत्रयोदशीला मी मोठी कोठी घेतली होती. स्टीलची, धान्य ठेवायची, कडीची. स्वप्ना-योगराज तेव्हा आमच्या समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये घर घेणार होते. तिसरा मजला. स्लॅब टाकून झाला होता, भिंती उठायच्या होत्या. आम्ही दोघी माझ्या खिडकीत उभ्या राहून ठरवायचो, तिचं स्वयंपाकघर कुठे येईल, आणि दुधाची पिशवी दोरीला बांधून पलीकडे जाईल का. मी भांडेवाल्या राघोच्या दुकानात जाऊन कोठीवर घालून घेतलं, ‘सौ. स्वप्ना योगराज हिस वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट. रंजना चेतन, दिंडोली, सुरत.’ राघोने तारीख विचारली. मी म्हणाले, जागा मोकळी ठेव, मुहूर्त निघाला की आणते.

मुहूर्त निघाला नाही. योगराजचा दम वाढला, घराची बोलणी मागे पडली आणि मग बंदच झाली. उन्हाळ्यात त्या खिडकीला दुसऱ्याच कुणाचे हिरवे पडदे लागले. तरी मी कोठी कपाटातून हलवली नाही. समोर नाही तर मागच्या गल्लीत घेतील, मला वाटायचं. वास्तू काय, एकच असते का?

त्या दुपारी स्वप्ना पुस्तकं टाकून गेल्यावर मी ती कोठी बाहेर काढली. चादरीत गुंडाळली. वारा सुटला होता, आभाळ पिवळट झालं होतं. रिक्षावाला म्हणाला, “बेन, आवा पवनमां क्यां जवुं छे?” अशा वाऱ्यात कुठे निघालात? मी म्हणाले, “नाव पुसायला.” त्याला काय कळणार.

राघो शटर अर्धं ओढून बसला होता. मी कोठी त्याच्यापुढे ठेवली. म्हणाले, “यावरचं नाव काढ आणि माझ्या पुतणीचं घाल. तिचं लग्न आहे वैशाखात.”

त्याने कोठी उजेडाकडे फिरवली, अंगठा अक्षरांवरून फिरवला.

“नाव निघत नाही, ताई. स्टील आहे, शाळेतली पाटी नाही. फार तर वरून वेलबुट्टी काढतो. लांबून कळायचं नाही. पण जवळ घेतलं की खालचं नाव दिसणारच.”

“मग काढ वेलबुट्टी.”

त्याने मशीनचं पेन उचललं. घर्र आवाज सुरू झाला. सुई ‘स्वप्ना’च्या पहिल्या अक्षराजवळ आली आणि मी कोठीवर हात ठेवला. “थांब,” मी म्हणाले. त्याने बटण बंद केलं. तो वैतागला नाही. म्हणाला, “दिवाळीला निम्म्या बायका हेच करतात. पुसायला येतात आणि तशीच घेऊन जातात.” मग हसून म्हणाला, “आणि तारखेचं काय झालंय तुम्हा लोकांना? परवा एक बाई आल्या, पितळी डब्यावर नाव घातलं, तारीख नको म्हणाल्या. म्हटलं, ताई, बिनतारखेची भेट म्हणजे काय?”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तारीख येईल तेव्हा मी नसेन.”

मी कोठी घेऊन घरी आले. मला वाटलं, कुणी आजारी बाई असेल बिचारी. एवढंच वाटलं.

त्या रात्री वारा जोरात होता. आम्ही शेठची गठडी पलंगावर ठेवली, खिडक्यांच्या फटीत जुने टॉवेल कोंबले. चेतन भोवरा बघत बसला. माझी चैताली, अकरावीत आहे, ती मोबाइलवर मैत्रिणींशी गुजरातीत गप्पा मारत होती आणि उद्या शाळा बंद म्हणून खूश होती. मी पुस्तकांची पिशवी उघडली. फराळाच्या पुस्तकात चकलीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘रंजनासाठी तिखट दुप्पट.’ मी हसले, आणि मग मला रडू आलं. चेतनने टीव्हीचा आवाज वाढवला, त्याला वाटलं असेल मी वादळाला घाबरले.

वादळ सकाळपर्यंत वळलं होतं. नेहमीप्रमाणे. रस्त्यावर निंबाच्या फांद्या, एक वाकलेला फलक, ऊन लख्ख. काशीबाई जिन्यातूनच ओरडल्या, “गेलं गं कच्छला.” मी खिडकीतून खाली पाहिलं तर स्वप्नाच्या बिल्डिंगसमोर टेम्पो उभा होता. वादळ गेल्यावर निघू, असं त्यांचं ठरलं असणार. मला हेही कुणी सांगितलं नव्हतं, आणि या वेळी चूक माझीच होती.

मी कोठी उचलली आणि अनवाणीच खाली गेले. चैताली माझ्यामागे धावली, “मम्मी, चप्पल!”

टेम्पोत पलंग, गाद्या, कुलर चढले होते. योगराज कडेला खुर्चीवर बसून होता, मला बघून कसंनुसं हसला. स्वप्ना दोरी ओढत होती. मी कोठी तिच्यापुढे ठेवली. तिने वाकून वाचलं. ‘वास्तुशांतीनिमित्त.’ तिने ते बोटाने पुन्हा वाचलं, एकेका अक्षरावरून.

“हे कधी घेतलंस?”

“गेल्या दिवाळीला.”

“आता आमची कुठली वास्तुशांती, रंजना?”

“गावचं घर आहे ना. कौलं बदला, भिंती सारवा, आणि घाला पूजा. वास्तू नाही का ती? तारखेची जागा मोकळी ठेवलीय. तिकडे कुणी नावं घालणारा असेलच.”

ती कोठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “थांब,” आणि घरात गेली. परत आली ती हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तिने ते चैतालीच्या हातात दिलं नाही, माझ्या हातात दिलं. मी कागद सोडला. मसाल्याचा पितळी डबा. झाकणावर लिहिलेलं, ‘चि. सौ. कां. चैताली हिस शुभविवाहानिमित्त. स्वप्नामावशीकडून.’ आणि खाली जागा मोकळी.

राघोच्या दुकानातली ती बाई मला तेव्हा कळली. तारीख येईल तेव्हा मी नसेन.

“तुझ्याकडूनच शिकले,” स्वप्ना म्हणाली. “आधी घेऊन ठेवायचं. हिचं लग्न होईल तेव्हा सासऱ्यांचं काय असेल, यांचं काय असेल, मला निघता येईल का नाही, कुणास ठाऊक. तुझ्या कपाटात राहू दे. मी आले नाही तरी माझं नाव येईल.”

इतकी वर्षं मी लोकांसाठी आधी भेटी घेतल्या. मला वाटायचं, मी किती पुढचा विचार करते. आधी घेऊन ठेवलेली भेट हातात घेताना कसं वाटतं, हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं. हातात डबा होता आणि वाटत होतं, ही बाई आत्ताच मला सोडून गेली, टेम्पो सुरू होण्याआधीच.

मी झाकण बंद केलं, डबा पुन्हा कागदात गुंडाळला आणि तिच्या छातीशी टेकवला.

“नको,” मी म्हणाले. “आते नको. लगीनले ये, आन् तवय दे.”

“रंजना, अगं...”

“माझ्या कपाटात जागा नाही. तू ठेव. रोज दिसला पाहिजे तुला. डबा इथे राहिला की तू येणार नाहीस, मला माहीत आहे. तो तिथे असला की आणावा लागेल. स्वतः आणावा लागेल, कुणाच्या हाती पाठवायचा नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर चैतालीचा मसाला पुड्यांत राहील. सासू काय म्हणायचं ते म्हणेल.”

काशीबाई मागून आल्या होत्या. पदराला हात पुसत त्यांनी डबा स्वप्नाच्या हातातून घेतला, कोठीचं झाकण उघडलं, डबा आत ठेवला आणि कडी लावली. म्हणाल्या, “झालं. आता भांडू नका, टेम्पोवाल्याला उशीर होतो.”

कोठी गाद्यांच्या मध्ये नीट बसवली. योगराज पुढे ड्रायव्हरजवळ बसला, स्वप्ना त्याच्या बाजूला. मी खिडकीशी उभी राहिले. पुस्तकं ठेवलीस का, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, “चकली उद्या करते. तुझ्या पुस्तकातून. दुप्पट तिखट.”

“हवेत अजून ओल आहे,” ती म्हणाली. “पाणी कमी घाल.”

टेम्पो हलला. दोन पावलं जाऊन तो एका फांदीपाशी थांबला, पोरांनी फांदी बाजूला ओढली. स्वप्नाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“रंजना, तारीख कळावजो मंग.”

“कळवते.”

“शेनी तारीख?” चैतालीने विचारलं. कसली तारीख? माझ्या चपला तिच्या हातात तशाच होत्या. मी त्या घेतल्या आणि पायात घातल्या.